सोयरिकीच्या गाडीत भोपळा

मुलीला मागणी घालायला निघालेल्या गाडीत भोपळा असू नये. युक्रेनमधल्या आमच्या ल्विव शहरात हे शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्याकडे मुलीच्या घरच्यांना स्थळ पसंत नसेल तर ते तोंडाने नाही म्हणत नाहीत. आतून एक भोपळा आणतात आणि पाहुण्याच्या हातात ठेवतात. पाहुणा तो पोटाशी धरून आल्या रस्त्याने परत जातो आणि सगळं गाव कुंपणांवरून बघत राहतं. हल्ली मुलंमुली काय ते फोनवरच ठरवतात, त्यामुळे भोपळ्याला फक्त लापशीत जागा उरली आहे. पण धास्ती आहे तिथेच आहे.

असं असताना मी, म्हणजे एका प्रकाशनसंस्थेत आयुष्यभर दुसऱ्यांची वाकडी वाक्यं सरळ करत बसलेली बाई, एका डॅनिश माणसासाठी मुलगी मागायला गेले आणि भोपळा बरोबर नेला. नेला म्हणण्यापेक्षा तो आमच्याबरोबर आला. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. बाकी कुणालाही वाटला नाही.

सुरुवात बिस्किटांच्या डब्यापासून झाली.

दर उन्हाळ्यात परदेशी लोक युक्रेनी शिकायला आमच्या शहरात येतात. उन्हाळी शाळा त्यांना घराघरांतून राहायला ठेवते, म्हणजे सकाळी वर्गात व्याकरण आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात भाषा. माझी आई तेओदोझिया, शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यापासून, दर वर्षी असा एक विद्यार्थी ठेवून घ्यायची. तिचा नियम एकच. जे हवं ते आमच्या भाषेत मागायचं, नाही तर मिळणार नाही. एका जपानी मुलीने पहिला आठवडा मिठाशिवाय सूप प्यायलं होतं.

आई एप्रिलमध्ये गेली. शाळेच्या यादीत तिचं नाव तसंच राहिलं आणि जुलैत दारावरची घंटा वाजली.

दारात रास्मुस उभा होता. पवनचक्क्या उभारणारा इंजिनियर, चौकटीत वाकून शिरावं लागेल इतका उंच, मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडेच राहिलेला. बाहेरूनच त्याने बिस्किटांचा डबा पुढे केला. उंबऱ्यावरून काही घ्यायचं-द्यायचं नसतं. मी सवयीने त्याला बाही धरून आत ओढलं.

"सन्माननीय तेओदोझियाबाई गृही आहेत काय?" त्याने विचारलं. शाळेत त्यांना असंच बोलायला शिकवतात.

"आई नाही."

"त्या बाजारात गेल्या आहेत?"

"नाही."

"मग त्या केव्हा परत येतील?"

हे सगळं पाठ्यपुस्तकातल्या संवादाबरहुकूम चाललं होतं आणि पुढचं उत्तर पुस्तकात नव्हतं. मी त्याला सांगितलं. तो डबा छातीशी धरून उभा राहिला. त्याच्या ओठांची हालचाल होत होती, पण दुःखाची वाक्यं बहुधा वरच्या वर्गात शिकवत असावेत. शेवटी आईकडून शिकलेलं जे हाताशी आलं ते तो बोलला.

"दार लावा," तो म्हणाला. "माशा येतात."

मी दार लावलं.

खरी गोष्ट चहाच्या वेळी बाहेर आली. मागच्या वर्षी बाजारात मध विकणाऱ्या एका मुलीवर रास्मुसचं मन बसलं होतं. तिचं नाव उल्याना. सांबीरच्या बाजूला एका गावात तिच्या वडिलांच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत. मुलगी राजी होती, वडील नव्हते. म्हणजे नाही म्हणाले नव्हते. गाव्रिलो त्यांचं नाव. ते एवढंच म्हणाले होते की, दुभाषा घेऊन आलेल्या माणसाशी मी घोड्याचाही सौदा करत नाही. मागायची असेल तर पोराने आमच्या भाषेत मागावी, आणि रीतीप्रमाणे बरोबर मध्यस्थ घेऊन यावं.

"तेओदोझियाबाईंनी मला वचन दिलं होतं," रास्मुस कपाकडे बघत म्हणाला. "ऑगस्टमध्ये स्पासच्या सणाला त्या माझ्याबरोबर येणार होत्या. त्या बोलणार होत्या. त्या म्हणाल्या होत्या, तू फक्त ताठ बस आणि नाक शिंकरू नकोस."

हे आईच म्हणाली असणार, यात शंका नव्हती.

"आता मी एकटा जाईन," तो म्हणाला.

"मी येते," मी म्हणाले.

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला अजून समजलेलं नाही. चार माणसांसमोर बोलायची वेळ आली की माझा घसा बसतो. आईच्या दफनाच्या वेळीसुद्धा मी काही बोलले नव्हते. आमचे शेजारी मिरोनकाका बोलले होते, आणि बराच वेळ बोलले होते.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या कचेरीत गेले, कारण स्पासच्याच दिवशी वर्ग होता आणि रास्मुसला सुट्टी हवी होती. खिडकीमागे एक बाई पेन्सिलीने केस मागे सारत बसली होती.

"सणाची सुट्टी फक्त घरमालकिणीच्या कुटुंबाबरोबर जायचं असेल तरच मिळते," ती म्हणाली. "घरमालकिणीला इथे येऊन सांगावं लागेल."

"घरमालकीण वारली."

तिने यादीवर बोट फिरवलं. "इथे तर तसं काही नाही. त्यांनी कळवायला हवं होतं."

"त्यांना जमलं नाही."

"मग तुम्ही कोण?"

"मुलगी."

"मुलीची नोंद नाही. आणि हा विद्यार्थी तुमचा कोण?"

या प्रश्नाचं उत्तर मी प्रामाणिकपणे शोधू लागले. माझ्यामागे रांग वाढत होती. बाईने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, एक सुस्कारा टाकला आणि आईच्या नावापुढे लिहिलं, 'प्रभारी घरमालकीण'. शिक्का मारता मारता खाली बघतच म्हणाली, "दर वर्षी त्या आम्हाला चेरीच्या करंज्या उकडून आणायच्या. वाटलं, यंदा विसरल्या."

माझं पद असं रीतसर झालं. आता तयारी.

आमच्या जिन्यात काही गुप्त राहत नाही. तळमजल्यावरचे मिरोनकाका, निवृत्त ट्रामचालक, त्याच संध्याकाळी टाय लावून वर आले.

"झेनोविया, बायका मध्यस्थ नसतात," त्यांनी जाहीर केलं. "मध्यस्थ पुरुष लागतो, विवाहित, आणि बोलका. माझ्या लग्नाला यंदा पन्नास वर्षं होतील."

"तुमची बायको तर मुलीकडे राहते, काका. चार वर्षं झाली."

"म्हणूनच टिकलंय! गाडी माझी. बोलणार मी. तू मागे बस आणि दुःखी दिस, ते तुला जमेल."

मी काही बोलले नाही. असल्या वेळी काही न बोलणं हाच माझा स्वाभिमान असतो, आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही.

जुन्या रीतीत मध्यस्थ सरळ मुलगी मागत नाहीत. आम्ही दूरदेशीचे शिकारी, आमच्या राजपुत्राने एक हरिणी पाहिली, तिच्या पावलांचा माग काढत तुमच्या अंगणात आलो, असं आडून आडून बोलतात. मिरोनकाकांना ते सगळं पाठ होतं आणि त्यात ते रोज भर घालत होते. आधी शिकारी पायी होते, मग घोड्यावर आले, मग वाटेत नदी आली. मी ते कागदावर उतरवून संपादन करायला घेतलं. पसारा काढला, पुनरुक्ती काढली, नदी काढली. शेवटी एक ओळ उरली आणि ती टेलिफोनच्या बिलावरच्या सूचनेसारखी वाटत होती.

रास्मुसचा सराव स्वयंपाकघरात चाले. त्याची भाषा म्हणजे दोन दुकानांतून आणलेलं सामान होतं. अर्धी शाळेची, अर्धी आईची. "महोदय," तो भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगे, "मी आपल्या कन्येचा हात मागण्यासाठी उपस्थित झालो आहे." मग अडखळे, घामाघूम होई आणि आईच्या सुरात स्वतःलाच म्हणे, "गरम आहे तोवर गिळ मेल्या!"

तिसऱ्या मजल्यावरच्या यारीनाकाकू शहराबाहेरच्या आपल्या मळ्यातून रोज काहीतरी आणून आमच्या दाराला टांगून जात. दुधी, काकड्या, अजून दुधी. आणि लवकर पिकणारी पांढरी सफरचंदं, ज्यांचा वास जिनाभर पसरायचा.

सफरचंदं मी परत पाठवायचे. आमच्यात ज्याच्या घरचं माणूस गेलेलं असतं तो स्पासच्या आधी सफरचंद खात नाही. त्या दिवशी देवळात टोपल्यांवर पाणी शिंपडून घेतलं की मगच खायचं. आधी खाल्लं, तर तिकडे वर सगळ्यांना सफरचंदं वाटताना आपल्या माणसाला सांगतात, तुझं तुझ्या मुलीने खाल्लं. मी शिकलेली बाई आहे. असल्या गोष्टी कुठून आल्या, कशा पसरल्या, यावरचं एक आख्खं पुस्तक मी तपासलं आहे. त्यातल्या तळटीपा सगळ्या माझ्या हातच्या आहेत. मी सफरचंद खात नव्हते, एवढंच.

"मग त्या पोराला तरी खाऊ दे!" यारीनाकाकू ओरडत. "रास्मुस, घे रे! साखर आहे साखर!"

"धन्यवाद, माझे पोट बरे नाही," रास्मुस म्हणे, आणि पाठोपाठ चार बटाट्याचे वडे खाई.

"डॅनिश लोकांची आतडी नाजूक," मिरोनकाका समजावत. "समुद्राची हवा."

स्पासचा दिवस उजाडला. सकाळी देवळापुढे टोपल्यांच्या रांगा लागल्या होत्या, सफरचंदं, खसखशीची बोंडं, मध. आम्हाला थांबायला वेळ नव्हता. रास्मुसने भरतकाम केलेला सदरा घातला होता, त्याच्या बाह्या कोपरापर्यंतच येत होत्या. मिरोनकाकांची जुनी झिगुली गाडी अंगणात धूर सोडत उभी होती. यारीनाकाकू खिडकीतून हात हलवत होत्या. त्यांचा चेहरा फार समाधानी होता. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

सांबीरच्या अलीकडे गाडी तापली. पाण्याची बाटली काढायला काकांनी डिकी उघडली आणि तसेच उभे राहिले. मी उतरले. रास्मुस उतरला.

डिकीत, ओल्या फडक्यावर, फितीचा बो बांधून, एक भोपळा बसला होता. चांगला पोराच्या डोक्याएवढा, अजून थोडा हिरवा. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'पहिल्यांदा कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जाऊ नये. यारीना.'

"या बाईने आपला खून केला," मिरोनकाका म्हणाले.

"त्यांच्या लक्षात नसेल आलं..."

"लक्षात? त्या बाईला मळ्यात जे पिकतं तेवढंच दिसतं! झेनोविया, हा इथेच टाक."

मी भोपळा उचलला आणि रस्त्याकडेच्या गवताकडे दोन पावलं गेले. तिथे थांबले. आमच्याकडे अन्न टाकत नाहीत. एके काळी माणसं भुकेने मेली ते प्रत्येक घरात माहीत असतं, त्यावर कुणी बोलत नाही. भाकरीचा तुकडा खाली पडला तर आई उचलून त्याचा मुका घ्यायची आणि मग पाखरांना घालायची.

"कुणाला तरी देऊन टाकू," मी म्हणाले.

समोरून एक आजी गाय घेऊन येत होती. मी भोपळा पुढे केला. "आजी, हा घेता का? ताजा आहे."

आजीने आधी भोपळा बघितला, मग भरतकामाच्या सदऱ्यातला रास्मुस, मग मिरोनकाकांचा टाय. तिने छातीवर क्रूस काढला. "घरी दोन नाती आहेत माझ्या लग्नाच्या! चालते व्हा! सणासुदीचं कुणाचं दुर्दैव माझ्या गळ्यात बांधताय?"

पुढे रस्त्यात अळंब्या विकणारा एक माणूस होता. त्याला विचारलं तर तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. "नाही म्हणाली ना?" तो रास्मुसला म्हणाला. "जाऊ दे रे भावा. मला तीनदा मिळालाय."

"आम्ही अजून पोचलोच नाही," मी म्हणाले. स्पष्टीकरणाने गोष्ट सुधारली नाही.

काकांनी रागाने आपटल्यामुळे डिकीचं कुलूप मोडलं होतं, तिथे भोपळा ठेवला तर तो रस्त्यावर पडला असता. शेवटी तो काकांच्या कोटात गुंडाळून मागे रास्मुसच्या पायांत ठेवला. रास्मुसने दोन्ही टाचांनी तो दाबून धरला. त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि तो पुटपुटत होता, "महोदय... महोदय..." पुढचं त्याला आठवत नव्हतं. माझ्या पर्समध्ये मी भाषणाची एक ओळ ठेवली होती. तीही मला आठवत नव्हती.

गाव्रिलोंचं घर उतारावर होतं. खाली बाकावर ते बसलेले दिसत होते. रुंद माणूस, पांढऱ्या मिशा, शेजारी सफरचंदांची टोपली, सकाळीच देवळातून आणलेली. दारात उल्याना उभी होती. वरच्या फाटकाशी गाडी थांबली. कुंपणापलीकडे शेजारच्या दोन बायका एकाएकी कपडे वाळत घालायला आल्या. सणाच्या दिवशी.

रास्मुस ताठ उतरला. दोन्ही पाय एकदम काढून उतरला.

कोट सुटला. भोपळा दारातून बाहेर आला, फाटकात क्षणभर थांबला आणि उताराला लागला. त्याला घाई नव्हती. फितीचा बो दर वळशाला वर येत होता, खाली जात होता. कोंबड्या बाजूला झाल्या. आम्ही तिघे बघत राहिलो. तो थेट जाऊन गाव्रिलोंच्या बुटाला लागून उभा राहिला.

कुंपणापलीकडे कुणीतरी "अगं बाई" म्हणालं.

मिरोनकाकांनी घसा साफ केला. "आम्ही दूरदेशीचे शिकारी..." एवढं बोलून ते गप्प झाले. पन्नास वर्षांच्या संसारात बहुधा पहिल्यांदाच.

गाव्रिलोंनी भोपळ्याकडे पाहिलं. मग रास्मुसकडे.

"आमच्याकडे हा मुलीकडचे देतात," ते म्हणाले. "डेन्मार्कात पाहुणे आपापला घेऊन येतात?"

रास्मुस घामाने भिजला होता. "महोदय," तो म्हणाला. "ग्रंथालय कोणत्या दिशेस आहे?" आणि त्याने डोळे मिटले.

आता मीच उरले होते. मी पुढे झाले आणि सांगू लागले की सदर भोपळा आमच्या शेजारीणबाईंनी, ज्यांचा मळा आहे, आणि ज्यांचा हेतू, जरी प्रथेचा विचार करता तो विपरीत भासला तरी... हे वाक्य मी कुणाच्या हस्तलिखितात पाहिलं असतं तर खोडलं असतं. ते मध्येच संपलं.

"तुम्ही कोण?" गाव्रिलोंनी विचारलं.

"प्रभारी घरमालकीण," मी म्हणाले.

दारातल्या उल्यानाने तोंडावर हात दाबला. हसत होती की रडत होती, समजलं नाही. तिच्या वडिलांच्या मिशीचा केसही हलला नाही.

"हे बघा," ते म्हणाले, "पोरगा कामाचा आहे, मुलगी सांगते. पवनचक्क्या बांधतो, बांधू दे. भाषा येईल न येईल. पण हिची आई तिकडे वर आहे." त्यांनी मान वळवून टेकडीकडे पाहिलं. तिथे क्रूस दिसत होते. "तीन वर्षं आम्ही दोघं स्पासची वाट बघतो. मी आज आहे, उद्या नाही. ही डेन्मार्कात जाणार, तिथे बारा महिने दुकानात सफरचंदं. कोण कशासाठी थांबणार? ती एकटीच थांबली तर घरचे हसणार तिला."

त्यांनी टोपलीतलं एक सफरचंद घेतलं, बाहीवर पुसलं आणि रास्मुसपुढे धरलं.

"घे. पाहुणा आहेस. खा."

रास्मुसने हात पुढे केला नाही.

देवळातून आणलेलं सफरचंद, सणाच्या दिवशी, मुलीच्या बापाच्या हातचं. ते नाकारणारा माणूस आमच्याकडे फाटकापर्यंत चालत जात नाही, पोचवला जातो. उल्यानाचा हात तोंडावरून खाली आला. मिरोनकाका दातांतून म्हणाले, "घे मेल्या! पोट गेलं खड्ड्यात!"

"आधी ती," रास्मुस म्हणाला.

"कोण ती?"

"झेनाताई." त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. तो सावकाश बोलत होता, प्रत्येक शब्द उचलून पाहून खाली ठेवल्यासारखा. त्यातला एकही शब्द शाळेचा नव्हता. "तिची आई वर थांबलीय. आधी ती खाईल, मग तिकडे आईला मिळेल. मग मी."

"तुझं काय? तुझं कोण आहे तिकडे?"

"तीच." तो म्हणाला. "मीपण खाल्लं नाही. सबंध उन्हाळा. मागच्या वर्षी तिने सांगितलं होतं, तिच्या आईसाठी ती कशी थांबते. ती माझी कुणी नाही." त्याने पुढचा शब्द शोधला, सापडला नाही, सोडून दिला. "तिने मला जेवायला वाढलं."

मी माझ्या बुटांकडे पाहत होते. बटाट्याचे चार चार वडे खाणाऱ्या माणसाचं पोट बिघडलेलं नसतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी तपासनीस आहे. माझ्या नजरेतून एक स्वल्पविराम सुटत नाही असं ऑफिसात म्हणतात.

गाव्रिलोंनी खिशातून चाकू काढला, ते सफरचंद आपल्या गुडघ्यावर ठेवलं आणि पुन्हा टोपलीत टाकलं. दुसरं निवडलं, मोठं. कापलं नाही. अख्खं माझ्या हातात दिलं.

"काय नाव होतं आईचं?"

"तेओदोझिया," मी म्हणाले. घसा बसला नाही.

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. दुसरं सफरचंद रास्मुसला दिलं, तिसरं दारात जाऊन उल्यानाला. परत आल्यावर वाकून भोपळा उचलला. बोटांनी ठोकून कानाशी धरला, फितीचा बो बाजूला करून देठ पाहिला.

"कुणी पिकवला?"

"आमच्या यारीनाकाकूंनी," मी म्हणाले.

"घाईत तोडला बाईने. कच्चा आहे." त्यांनी तो खिडकीत, उन्हाच्या बाजूला ठेवला. "असू दे इथेच. लग्नापर्यंत पिकेल."

हे कळायला रास्मुसला जरा वेळ लागला. उल्यानाला लागला नाही. ती आत पळाली आणि होकार दिला की मध्यस्थांना बांधतात ती भरतकामाची दोन लांब कापडं घेऊन आली. एक मिरोनकाकांच्या खांद्यावरून तिरकं बांधलं, दुसरं घेऊन माझ्याकडे आली. काकांनी बायका मध्यस्थ नसतात हे सांगायला तोंड उघडलं, पण त्यांना अचानक काही दुसरं आठवलं.

"आम्ही दूरदेशीचे शिकारी!" ते गरजले, आणि सुरू झाले. घोडे आले, हरिणी आली, मी काढून टाकलेली नदीही आली. कुणी त्यांना थांबवलं नाही. कुंपणापलीकडच्या बायका कपडे वाळत घालायचं विसरून ऐकत होत्या.

मी बाकाच्या टोकाला बसून सफरचंद खाल्लं. आंबट होतं. आई खायची तसं, बियांसकट, सगळं खाल्लं.